तळाचा पाव भाग

"ऑक्सिजन किती?" निमकरबाईंनी विचारलं.

"वीस."

"परत बघ."

परत बघणं म्हणजे रिॲक्टरच्या लोखंडी जिन्यावरून वर जायचं, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोटीला फुटबॉलचा ब्लॅडर लावायचा, तो फुगला की गळा आवळून खाली प्रयोगशाळेत आणायचा आणि आतला वायू एका काचेच्या उपकरणात ढकलायचा. उपकरणात तपकिरी द्रावण असतं. ते वायूतला ऑक्सिजन तेवढा पिऊन टाकतं. किती प्यायलं ते नळीवरच्या खुणांवर वाचायचं. पिणाऱ्याने किती प्यायली हे आमच्या कारखान्यात एवढ्या एकाच ठिकाणी खरं कळत असे.

"वीसच," मी म्हटलं. "किंचित वरच असेल."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. चष्म्यावर काही नव्हतं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. ती हवा आम्ही रिॲक्टरच्या तळातून तापलेल्या तेलात सोडत होतो आणि ती वरून जवळजवळ तशीच्या तशी बाहेर येत होती. म्हणजे सकाळपासून आम्ही पाचशे लिटर तेलाला नुसता वारा घालत होतो.

हे बदलापूरच्या एमआयडीसीत. आमच्या कारखान्याचा मूळ धंदा भांडी घासायच्या साबणाचा. पण मालकांना एकदा कुणीतरी 'संशोधन' हा शब्द ऐकवला, आणि त्यावर करात सूट मिळते हेही सांगितलं, तेव्हा त्यांनी मागच्या शेडमध्ये एक रिॲक्टर उभा केला आणि सरकारी प्रयोगशाळा सोडून आलेल्या डॉक्टर शकुंतला निमकरांना त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. बाईंनी त्यात तेल शिजवायला घेतलं. खायचं नव्हे, गुजरातच्या विहिरींतलं कच्चं खनिज तेल. तेही जड जातीचं, काकवीसारखं, थंडीच्या दिवसांत पिंपातून बाहेर यायचं नाव न घेणारं. असं तेल जमिनीखाली खडकाला चिकटून बसतं आणि पंप लावून लावून माणसं थकतात.

बाईंची युक्ती अशी की त्याच तेलातलं थोडं घ्यायचं, तापवायचं, हवा फुंकून आंबट करायचं. त्यात आम्लं तयार होतात. वर कॉस्टिक सोड्याचं पाणी घातलं की त्या आम्लांचा साबणासारखा पदार्थ बनतो. तो गरम पाण्यातून विहिरीत सोडला की खडकाला चिकटलेलं तेल सुटतं आणि पाण्याबरोबर वाहत वर येतं.

"तेलानेच तेल धुवायचं," बाई म्हणायच्या. एवढं एकच वाक्य त्या सगळ्यांना सांगत. पुढचं कुणालाच सांगत नसत.

त्या दिवशी तेल कंपनीचे मुख्य अभियंता टिपणीस साहेब आमचं काम डोळ्यांनी बघायला येणार होते. पसंत पडलं तर गुजरातेत तेलाच्या विहिरींजवळच मोठा कारखाना उभा राहणार होता, आणि टिपणिसांनी पत्रव्यवहारात या प्रकाराला 'निमकर पद्धत' म्हणायलाही मान्यता दिली होती. बाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांच्या नावाने दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं, घर भाड्याचं होतं, आणि नेमप्लेटवरही घरमालकाचं नाव होतं.

"गोठोसकर," त्या म्हणाल्या, "तू गावाहून कधी आलास?"

"आज सकाळीच. कुडाळच्या एसटीतून उतरलो तो थेट इथे."

"मग परवा पूजेला नव्हतास."

"नाही. तुम्ही?"

"मी कधी असते?"

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. बाईंचं देवाशी भांडण नव्हतं. पेढे वाटण्याआधी जी भाषणं होतात त्यांच्याशी होतं. त्यामुळे नवमी आणि दसरा असे दोन्ही दिवस त्या घरी होत्या. आज एकादशीला कामावर येऊन त्यांनी ऑपरेटर भोईरमामांना नेहमीसारखं तेल भरायला सांगितलं होतं. मामांनी त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं होतं. ते सोनं त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून डोकावत होतं आणि तापमान एकशे चाळीसवर ठाण मांडून बसलं होतं.

एरवी असं होत नसे. हवा सुरू केली की थोड्याच वेळात ऑक्सिजन खाली यायला लागे, वाफ बंद करावी लागे आणि तेल स्वतःच्या उबेवर पुढचं काम करत राही. आम्ही त्याला 'लागलं' म्हणायचो. दही लागतं तसं. आज लागत नव्हतं.

"तेल तेच आहे ना?" मी विचारलं.

"त्याच पिंपांतलं."

"हवेची नळी चोंदली असेल."

"चोंदली असती तर तुझा फुगा फुगला नसता."

हे बरोबर होतं. मी ब्लॅडर घेऊन पुन्हा वर गेलो.

रिॲक्टरच्या झाकणाला जाड काचेची एक छोटी खिडकी होती. नोकरीला लागल्यापासून मी ती कायम काळीच बघितली होती, भुसावळच्या इंजिनासारखी. त्या दिवशी मी सहज डोकावलो आणि मला आतलं तेल दिसलं. काळं, चकचकीत, आणि त्यातून मोठमोठे बुडबुडे फुटताना. फार छान दिसत होतं. मी बघत राहिलो, आणि मग कठड्यावरून खाली वाकलो.

"मामा! ही काच कुणी पुसली?"

भोईरमामा खाली वाफेच्या व्हॉल्व्हपाशी उभे होते. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, इथल्याच गावचे. अभिमानाने म्हणाले, "काच काय, आख्खा रियाक्टर धुतला सायेब! पयले रॉकेल, मंग कॉस्टिक, मंग वाफ. आतून तोंड दिसत होता."

"तळाचंही काढलंत?"

"पार! खालचा व्हॉल्व्ह उघरून पुसला. चुरीसायबांच्या मिसेस आल्या होत्या ना आरतीला. सायेब बोलले, देवीसमोर खरकटा भांडा ठेवायचा नाय."

चुरी हे आमचे वर्क्स मॅनेजर आणि मालकांचे मेहुणे. या दोहोंपैकी दुसरं पद कायम होतं. माणूस स्वच्छतेचा भोक्ता. त्यांच्या टेबलावर फाइल नसे, कागद नसे, एकदा तर मी फोनही ड्रॉवरमध्ये ठेवलेला बघितला होता.

आता हे जे तळाचं, त्याची गोष्ट अशी. बाई प्रत्येक घाणा काढताना पाव भाग भांड्यात शिल्लक ठेवायच्या आणि त्याच्यावरच नवं तेल भरायला लावायच्या. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कामगारांचं म्हणणं, खालचा व्हॉल्व्ह वाकडा आहे. स्टोअरवाल्याचं म्हणणं, बाई चिकट आहेत. चुरींचं निदान सगळ्यात ठाम होतं: "बायकांची सवय हो. भाताच्या भांड्यात चार शितं ठेवतात ना, अन्नपूर्णा रुसू नये म्हणून. तसं." मीही एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "राहू दे थोडं." मी राहू दिलं होतं.

मी धावतच प्रयोगशाळेत गेलो. "बाई, भांडं धुतलंय. नवमीला. आतून. तळापर्यंत."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या.

"सगळं?"

"मामा म्हणतात, तोंड दिसत होतं."

त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात, जणू शेडमधल्या कुणी ऐकू नये अशा बेताने, म्हणाल्या, "ते विरजण आहे रे."

"काय?"

"तळाचं. एकदा लागलेल्या तेलात काहीतरी तयार झालेलं असतं, ते नव्या तेलाला लावतं. लगेच आणि शांतपणे. ते नसलं तर तेल हटून बसतं. मग लागतं कधीतरी. पण तोवर आत साचत गेलेलं असतं, आणि लागतं तेव्हा सगळं एकदम लागतं. पहिल्या वर्षी तिकडच्या सरकारी प्रयोगशाळेत माझं एक छोटं भांडं असंच गेलं. छताला अजून डाग असेल."

"ते भांडं केवढं होतं?"

"चहाच्या किटलीएवढं."

मी खिडकीतून आमच्या पाचशे लिटरच्या किटलीकडे बघितलं. तिच्या अंगावर झेंडूची माळ होती.

"मग बंद करू या," मी म्हटलं. "हवा बंद, वाफ बंद. पाहुण्यांना सांगू, व्हॉल्व्ह बिघडला."

"चुरी त्यांना आणायला कल्याण स्टेशनवर गेलेत."

"तरी काय झालं? खरं सांगू. भांडं धुतलं म्हणून लागत नाही."

"आणि ते विचारतील, धुतल्याने काय होतं?" बाई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "हे मी एकदा सांगितलंय, गोठोसकर. तिथल्या संचालकांना. विश्वासाने. दोन महिन्यांनी दिल्लीच्या परिषदेत त्यांनी ते स्वतःचं म्हणून वाचलं. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या. न वाजवून कसं चालेल, साहेब होते. सुदैवाने त्यांना पुढचं जमलं नाही, म्हणून ते तिथेच राहिलं."

"पण बाई, आम्हाला तरी..."

"गुपित मोठं असतं ना, तर सांगितलं असतं. मोठं गुपित चोरलं तरी पेलत नाही कुणाला. हे एवढंसं आहे. ऐकलं की माणूस म्हणतो, 'एवढंच?' आणि खिशात टाकून चालायला लागतो." त्या उठल्या. "करार झाला, नाव लागलं, की मी सगळ्यांना सांगणार होते. आज संध्याकाळीच सांगणार होते."

मग त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात त्यांच्या आजवरच्या प्रत्येक घाण्याचा नमुना होता. लहानलहान बाटल्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. कुणी त्या कपाटाला पाठ टेकली तरी त्यांना चालत नसे.

"घे," त्या म्हणाल्या. "सगळ्या."

"हे नमुने..."

"विरजणच आहे. जुनं असलं तरी थोडं चालेल. घे म्हणते ना."

आम्ही दोघांनी ट्रे भरभरून बाटल्या वर नेल्या. हवा थांबवली आणि वरच्या नरसाळ्यातून एकेक बाटली ओतायला सुरुवात केली. माल इतका घट्ट, की बाटली उपडी धरून उभं राहावं लागे. बाई प्रत्येक चिठ्ठी वाचत आणि मग ओतत. मी म्हटलं, वाचू नका. त्या म्हणाल्या, वाचत नाहीये. सगळ्या रिकाम्या झाल्यावर मी आत बघितलं. तेलाला कळलंसुद्धा नसावं.

"आता?"

"आता वाट बघायची. हवा अगदी थोडी. एकशे चाळीसच्या वर एक अंशही नाही. वाफेला कुणी हात लावायचा नाही. त्याला लागू दे, पण त्याच्या मर्जीने."

"आणि वरची हवा?" हाच प्रश्न मला सकाळपासून खात होता. तेल न पिता जो ऑक्सिजन वर येत होता, तो झाकणाखाली तेलाच्या गरम वाफेत मिसळत होता. अशा मिश्रणाला एक ठिणगी पुरते.

"म्हणून तर तू मोजतोयस," बाई म्हणाल्या.

हा धीर होता की काय, मला कळलं नाही.

एवढ्यात बाहेर चुरींच्या फियाटचा हॉर्न वाजला.

टिपणीस साहेब उंच, पांढऱ्याशुभ्र सफारीतले, हसऱ्या चेहऱ्याचे निघाले. त्यांच्याबरोबर एक साहाय्यक होता. तो दिवसभर 'हो सर' याखेरीज काही बोलला नाही, पण ते फार विविध प्रकारे बोलला. चुरींनी गुलाबाचे गुच्छ दिले, चहा दिला, आणि चहाच्या निमित्ताने बाईंना बाजूला घेतलं. मी ब्लॅडर घेऊन जवळच उभा होतो.

"लागलं ना?"

"नाही. तुम्ही भांडं का धुतलंत?"

"म्हणजे? देवीची पूजा होती, बाई! काय अवतार होता त्याचा! मिसेसला दाखवायची लाज वाटत होती."

"ते धुवायचं नसतं."

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईंनीच लिहू दिलं नव्हतं.

"बरं, झालं ते झालं," चुरी म्हणाले. "वाफ वाढवा थोडी. तापलं की लागेल. साधी गोष्ट आहे."

"वाफेला हात लावायचा नाही."

"बरं बरं, नाही लावत." आणि ते इतक्या चटकन 'नाही लावत' म्हणाले, की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बाई टिपणिसांना घेऊन प्रयोगशाळेत गेल्या आणि फळ्यावर आकृती काढून समजावू लागल्या. आकृतीत भांड्याचा तळ दाखवायची वेळ आली की त्या हाताने तो झाकत. मी ऑक्सिजन मोजत होतो. एकोणीस. थोड्या वेळाने सतरा.

"बाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "सतरा!"

त्यांचा खडू थांबला. चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी बघितलं नव्हतं. लहान मुलीसारख्या हसल्या त्या. "लागतंय," त्या टिपणिसांना म्हणाल्या. "चला, दाखवते."

आम्ही सगळे रिॲक्टरभोवतीच्या लोखंडी माळ्यावर चढलो. चुरी आधीच तिथे होते, हात पाठीमागे बांधून, लग्नघरातल्या यजमानासारखे. तापमानाच्या तबकडीवरचा काटा एकशे पन्नासच्या पुढे होता आणि बघताबघता सरकत होता.

"वा!" टिपणीस म्हणाले. "स्वतःच्या उष्णतेवर चाललंय का हे?"

"स्वतःच्याच!" चुरी म्हणाले.

"हो सर," साहाय्यक म्हणाला.

मी ब्लॅडर भरून खाली धावलो. बारा. पुन्हा वर, पुन्हा खाली. सात. एरवी हे आकडे दिसले असते तर मी पेढे आणायला गेलो असतो. पण एरवी ते असे कोसळत नसत. वर आलो तेव्हा काटा एकशे पासष्टवर होता, आणि टिपणीस टाळ्या वाजवत होते. खरोखरच्या टाळ्या. चुरीही वाजवत होते. साहाय्यक तर सर्वांत जोरात.

त्या टाळ्यांमध्ये बाई एकट्याच हात खाली सोडून उभ्या होत्या. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग कठड्यावरून वाकून खाली वाफेच्या व्हॉल्व्हकडे. त्याचं चाक पूर्ण उघड्या बाजूला फिरलेलं होतं. शेजारी हवेचंही.

"मामा! हे कुणी उघडलं?"

भोईरमामांनी वर चुरींकडे बघितलं.

"बंद करा! वाफ बंद, हवा बंद, गारव्याचं पाणी सोडा!"

"काही बंद करू नका!" चुरी हसतहसतच म्हणाले. "मामा, चालू दे. बाई जरा घाबरट आहेत हं साहेब. आता तर कुठे रंगात आलंय!"

"मामा, बंद!"

"मॅनेजर बोलतात चालू, बाई बोलतात बंद," भोईरमामा खालून म्हणाले. त्यांचा एक हात वाफेच्या चाकावर होता, एक हवेच्या. "आमी कोनाचा ऐकायचा?"

एकशे बहात्तर. भांड्यातून असा आवाज यायला लागला होता, की शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवतंय. मी जिन्याकडे निघालो. चुरी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते मला अडवत होते असं नाही. त्यांना हलायचं सुचत नव्हतं एवढंच. त्यांच्या बाजूने जागा नव्हती.

"बंद कशाला करायचं, मॅडम?" टिपणीस म्हणाले. त्यांच्या आवाजात नाराजी होती. "इतकं सुरेख चाललंय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मला तो क्षण अजून दिसतो. काटा सरकतोय, माळेतला झेंडू तापून कोमेजलाय, आणि बाई तोंड उघडून पुन्हा मिटताहेत.

मग त्या बोलल्या. मोठ्याने, सावकाश, वर्गात शिकवल्यासारख्या.

"टिपणीस साहेब, मी या भांड्याच्या तळाशी दर वेळी पाव भाग जुना माल ठेवते. ते विरजण आहे. ते असलं की नवं तेल लगेच लागतं आणि आटोक्यात राहतं. यांनी पूजेसाठी भांडं धुतलं, ते गेलं. हे जे चाललंय ते माझं काम नव्हे. हे सकाळपासून साचलेलं एकदम पेटतंय. थांबवलं नाही तर झाकण उडेल, आणि आपण सगळे झाकणाभोवती उभे आहोत."

टिपणिसांनी आयुष्य तेलात काढलं होतं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं आणि ते कठड्यावर वाकून असे गरजले, की माळा हादरला.

"हवा बंद!"

मुख्य अभियंत्यांचा हुकूम मॅनेजर आणि बाई दोघांच्याही वरचा होता. भोईरमामांनी दोन्ही चाकं अशी फिरवली, की एक हातातच आलं. मग गारव्याचं पाणी सोडलं.

काटा एकशे ऐंशीला पोचला. एकशे नव्वद. आम्ही जिन्यावरून खाली उतरत होतो, म्हणजे एकमेकांच्या पाठीवर पडत होतो. चुरी सगळ्यांत आधी उतरले होते. ते हलल्यावर फार लवकर हलले. भांड्यात काहीतरी खदखदलं, झाकणाच्या सांध्यातून फुसफुस झाली, आणि वायूच्या नळीतून काळ्या फेसाचा एक भला थोरला लोट बाहेर येऊन शेडच्या पत्र्यावर आपटला. तिथून तो खाली आला. निम्मा झेंडूच्या माळेवर आणि निम्मा टिपणीस साहेबांच्या सफारीवर.

मग शांतता. काटा एकशे ब्याण्णववर थरथरला. थांबला. आणि अगदी नाइलाजाने मागे फिरला.

मी जमिनीवर बसलो होतो. ब्लॅडर अजून हातात होता आणि मी त्याचा गळा जिवाच्या आकांताने आवळून धरला होता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"हो सर," साहाय्यक म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

टिपणिसांना थोडं पोळलं होतं, फार नाही. फेस वरून येईपर्यंत निवला होता. मामा त्यांना कँटीनच्या मोरीवर घेऊन गेले. तिथे भांडी घासायचा सोडा बादलीत कालवून ठेवलेला असे. साहेबांनी हात त्यात बुडवले, मग वैतागून सफारीचा पुढचा भागही त्यातच कालवला. "जाऊ दे, हा तर गेलाच," ते म्हणाले. "या तेलाचा डाग मेल्याशिवाय जात नाही. माझ्या बायकोने असे किती सदरे..."

ते थांबले. बादलीतलं पाणी दुधाच्या कॉफीसारखं तपकिरी झालं होतं. सफारीवर फिकट पिवळा पट्टा होता, आणि तेल नव्हतं.

त्यांनी कापड चोळलं, उजेडात धरलं, परत चोळलं. मग ते बादलीसमोर उकिडवे बसले आणि पाण्यात बोट फिरवत राहिले, ओढ्याकाठी बसलेल्या पोरासारखे.

"मॅडम," त्यांनी हाक मारली. "हे घेतो आम्ही."

बाई दारात होत्या.

"आणि सगळी मेख त्या तळाच्या पाव भागात?"

"हो."

टिपणीस हसले. त्यात वाईट काही नव्हतं. चांगला माणूस होता तो. "एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या.

करार झाला. मालकांनी पेढे वाटले, चुरींनी भाषण केलं आणि त्यात स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं. कागदोपत्री पद्धतीला तेल कंपनीचं आणि आमच्या कारखान्याचं असं जोडनाव लागलं. बाईंच्या नावाचा विषय निघाला तेव्हा टिपणीस फार अजिजीने म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं तर पुस्तकात आहेच. आणि विरजणाला कुणी आपलं नाव देतं का?" बाईंनी मान डोलावली.

पण टिपणीस येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी बाईंनी शेडमधल्या सगळ्यांना रिॲक्टरभोवती बोलावलं होतं, झाडूवाल्यासकट. आणि सगळं सांगितलं. पाव भाग का ठेवायचा, कमी ठेवला तर काय, धुवावंच लागलं तर विरजण आधी पिंपात कसं काढून ठेवायचं. दोनदा सांगितलं. भोईरमामांकडून म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "कोणी विचारलं तर सांगा. कोणीही." मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि सांगलीला भावाकडे गेल्या. गुजरातेतला कारखाना सुरू झाला तेव्हा तिथल्या लोकांना शिकवायला भोईरमामांना पाठवलं. जाताना त्यांनी सोबत एक पिंप नेलं.

त्यानंतर फार वर्षांनी, बाईही गेल्यानंतर, दुसऱ्या एका कंपनीच्या कामासाठी माझं त्या कारखान्यात जाणं झालं. आमच्या रिॲक्टरच्या वीसपट मोठा रिॲक्टर. फुटबॉलचा ब्लॅडर कुठेच नव्हता; ऑक्सिजनचा आकडा भिंतीवर आपोआप उमटत होता. घाणा निघत होता. एक तरुण ऑपरेटर व्हॉल्व्हपाशी उभा राहून पातळी बघत होता. काट्याने एका खुणेला शिवल्याबरोबर त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

"और निकालो ना," मी मुद्दामच म्हटलं. "अभी तो बहुत है."

"नहीं साहब," तो म्हणाला. "नीचे का निमकर है वो."

"क्या है?"

"निमकर. वो छोडना पडता है, नहीं तो नया तेल लगता नहीं." त्याला माझ्या अज्ञानाची थोडी कीव आली असावी. "इधर सब यही बोलते हैं. पुराने लोग सिखाके गये. आपके उधर इसको क्या बोलते हैं?"

तो वाट बघत होता.

"निमकरच," मी म्हटलं.